पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, तरी बाहेरून काही उघडत नाही

बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवायची, याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात; पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या दाराचा नंबर. घरच्या फायबरवर ते अडलं की तक्रार साधारण यांपैकी एका रूपात येते:

- डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कॅमेरे घरी वाय-फायवर दिसतात, ऑफिसला पोचलं की ‘कनेक्शन फेल्ड’.
- पोर्ट तपासणाऱ्या साइटवर काहीही केलं तरी ‘क्लोज्ड’.
- पोराचा माइनक्राफ्ट सर्व्हर घरातल्या घरात झकास चालतो, मित्रांना मात्र सापडत नाही.
- कालपर्यंत चालत होतं. लाइट जाऊन आली आणि बंद पडलं.
- कनेक्शन बदललं, जुने नियम नव्या राउटरमध्ये जसेच्या तसे टाकले, चालत नाहीत.
- बाहेरून चालतं, पण घरी बसून तोच पत्ता टाकला तर उघडत नाही.

राउटरला हात लावण्याआधी एक ठरवा. तुमचं प्रकरण ‘कधी चाललंच नाही’ यातलं आहे, की ‘चालत होतं, बंद पडलं’ यातलं? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात बहुतेक वेळा तुमच्या कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळालेला नसतो. दुसऱ्यात कुठला तरी पत्ता बदललेला असतो, घरातला किंवा बाहेरचा. पुण्यात या दुसऱ्या प्रकारचे फोन मला गुरुवारी संध्याकाळी जास्त येतात. महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी असतात. लाइट परत आली की घरातली सगळी उपकरणं एकदम जागी होतात आणि राउटरकडे पत्ते मागायला लागतात. कोणाला कुठला मिळेल, काही नेम नसतो.

फायबरच्या बॉक्सवर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर मात्र इथे वाचत बसू नका. तुमचं नेटच बंद आहे, थेट कंपनीला फोन लावा.

आधी मोबाइल डेटावरून बघा

फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून पत्ता उघडा. अर्धं मिनिट लागतं, आणि निम्मी भानगड कधी कधी इथेच मिटते. घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडायचा, तर राउटरला आलेलं पाकीट वळवून परत आत पाठवावं लागतं. याला नॅट लूपबॅक म्हणतात आणि कंपन्यांनी दिलेल्या बऱ्याच बॉक्सना ते जमत नाही. म्हणजे पोर्ट व्यवस्थित उघडा असतो, तपासणारा चुकीच्या जागी उभा असतो. वरच्या यादीतलं शेवटचं लक्षण हेच. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. घरी असताना घरातला पत्ता वापरा.

घरात तरी चालतंय का?

त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून घरातला पत्ता आणि पोर्ट टाकून बघा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.६४ आणि ८०००. इथेच उघडत नसेल तर राउटरचा काही संबंध नाही. सर्व्हर बंद आहे, डीव्हीआर लटकलाय किंवा पोर्ट नंबरच वेगळा आहे.

हे आधी तपासायला हवं, कारण पोर्ट तपासणाऱ्या साइट फसवतात. पलीकडे ऐकणारा प्रोग्राम चालू नसेल तर नियम शंभर टक्के बरोबर असूनही साइट ‘क्लोज्ड’ सांगते. शिवाय डेटा मुख्यतः दोन पद्धतींनी जातो, टीसीपी आणि यूडीपी, आणि या साइट बहुधा फक्त टीसीपी तपासतात. वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित बोगदा) यूडीपीवर चालतं, बहुधा ५१८२० पोर्टवर, त्यामुळे ते नीट चालू असलं तरी तिथे बंदच दिसणार. ते तपासायचं तर वायरगार्डचाच क्लायंट मोबाइल डेटावर जोडून बघा.

आता खरी तपासणी: दोन पत्ते शेजारी ठेवा

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. राउटरच्या पानावर जा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नसला तर बॉक्सच्या खालच्या लेबलवर लिहिलेला असतो. तिथे ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ (राउटरची बाहेरची, कंपनीकडची बाजू) या भागात आयपीव्ही४ पत्ता दिसेल, तो कागदावर लिहा. मग त्याच वाय-फायवरून ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा. साइटवर विसर्गासारख्या (:) चिन्हांनी जोडलेला लांबलचक पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ आहे, तो नको. टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा पाहिजे.

दोन्ही पत्ते तंतोतंत जुळले तर तुमचं नशीब चांगलं, पुढच्या तपासणीकडे वळा.

जुळले नाहीत आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. १० ने सुरू होणारा पत्ताही बहुतेक वेळा तेच सांगतो. राउटरमध्ये १९२.१६८ दिसत असेल तर घरातच एकामागे एक दोन राउटर आहेत. त्याबद्दल खाली लिहिलंय.

सीजीनॅट हे काय प्रकरण आहे? आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी. जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. मग इंटरनेट कंपन्या अनेक घरांमागे एकच सार्वजनिक पत्ता लावायला लागल्या, आणि कंपनीच्या आतल्या वापरासाठी १००.६४ पासूनचा हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनला सांगून ठेवणं, की अमुक नाव विचारत कोणी आलं तर आमच्या फ्लॅटवर पाठव. सीजीनॅटमध्ये पाहुणा टाउनशिपच्या मेन गेटवरच अडतो. तिथला वॉचमन कंपनीचा. तुम्ही बिल्डिंगच्या वॉचमनला कितीही बजावून ठेवा, त्याच्यापर्यंत पाहुणा येतच नाही.

धायरीत एका ओळखीच्या काकांकडे हेच बघितलं. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, आणलेला डीव्हीआर, बसवणाऱ्याने राउटरमध्ये नियमांची रांगच लावलेली: ८०, ५५४, ८०००, मग ८०८०, मग पुन्हा ८००० यूडीपीवर, आणि सगळ्यावर कडी म्हणून डीएमझेड, म्हणजे बाहेरून येईल ते सगळं एकाच उपकरणाकडे पाठवायची सोय. एक ना धड भाराभर चिंध्या. वॅनचा पत्ता बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काकांचं म्हणणं, “अहो पण नियमासमोर हिरवी टिक आहे की.” टिक असणारच. राउटरने त्याचं काम चोख केलं होतं.

सीजीनॅट निघालं तर रस्ते तीन.

पहिला, कंपनीकडून सार्वजनिक किंवा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागणे. काही कंपन्या महिन्याला वेगळे पैसे घेतात, काही फक्त बिझनेस प्लॅनवर देतात. हेल्पलाइनला “पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही” असं सांगू नका. समोरून “सर, राउटर रीस्टार्ट करून बघा” हेच येणार. असं सांगा: “माझ्या वॅनचा आयपी १०० ने सुरू होतोय, म्हणजे मी सीजीनॅटमागे आहे. मला पब्लिक आयपीव्ही४ पाहिजे. तो डायनॅमिक मिळेल की स्टॅटिक, आणि महिन्याचे किती?” एवढं बोललात की फोन बहुधा वरच्या माणसाकडे जातो. पैसे भरल्यावर राउटर एकदा रीस्टार्ट करा आणि वॅनचा पत्ता खरंच बदलला का ते पुन्हा बघा. स्टॅटिक आयपीचे पैसे जाताहेत आणि पत्ता अजून जुनाच, असंही घडतं.

दुसरा रस्ता आयपीव्ही६. यात पत्त्यांची टंचाई नाही, म्हणून नॅटही (अनेक उपकरणांमागे एकच पत्ता लावणं) नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंगही नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या उपकरणासाठी पोर्ट मोकळा करायचा. अट एवढीच, की बाहेरून येणाऱ्याकडेही आयपीव्ही६ पाहिजे. मोबाइल डेटावर ते बहुधा असतं, ऑफिसच्या नेटवर असेलच असं नाही. जुन्या डीव्हीआरच्या बाबतीत या रस्त्याला जाऊ नका.

तिसरा रस्ता, पोर्ट उघडायचाच नाही. टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेलसारख्या सोयींमध्ये जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. कॅमेरेच बघायचे असतील तर डीव्हीआर बनवणाऱ्याचं क्यूआर कोड स्कॅन करून चालणारं ॲप असतं, तेही असंच काम करतं. माझं मत विचाराल तर निव्वळ कॅमेरे बघण्यासाठी आज पोर्ट फॉरवर्डिंगच्या वाटेला कोणी जाऊच नये.

‘चालत होतं, बंद पडलं’: घरातला पत्ता सरकला

फॉरवर्डिंगचा नियम उपकरणाला ओळखत नाही, त्याच्या आकड्याला ओळखतो. नियम १९२.१६८.१.६४ साठी लिहिलाय आणि लाइट आल्यावर ६४ नंबर टीव्हीला मिळाला, तर राउटर आलेला माणूस बिनदिक्कत टीव्हीकडे पाठवतो.

राउटरच्या ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ यादीत उपकरणाचा आजचा पत्ता बघा आणि नियमातल्या पत्त्याशी ताडून बघा. वेगळा निघाला तर नुसता नियम बदलून थांबू नका, पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच होईल. ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस बाइंडिंग’ नावाची सोय असते. त्यात उपकरणाचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) आणि हवा तो आयपी बांधून टाका. लॅपटॉपचा मॅक वायरवर एक आणि वाय-फायवर दुसरा असतो, हे ध्यानात ठेवा. सर्व्हर म्हणून वापरायचं मशीन वायरनेच जोडा, आणि वाय-फायवरच ठेवायचं असेल तर विंडोजमधला ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ बंद करा.

गेटवे: कनेक्शन बदलणाऱ्यांसाठी

गेटवे म्हणजे उपकरणाला घराबाहेर जायचं दार, अर्थात राउटरचा पत्ता. हे ठिकाण कोणी बघत नाही. ऑफर बघून दर वर्षी कंपनी बदलणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता, नवा १९२.१६८.०.१ वर. डीव्हीआरमध्ये बसवणाऱ्याने आयपी हाताने टाकलेला असतो. कोणीतरी येतो, आयपी बदलून १९२.१६८.०.६४ करतो, घरात कॅमेरे दिसले की चहा पिऊन निघून जातो. खाली ‘गेटवे’च्या चौकटीत मात्र जुना १९२.१६८.१.१ तसाच राहतो.

परिणाम मोठा मजेदार असतो. घरात सगळं चालतं, कारण घरातल्या घरात बोलायला गेटवे लागत नाही. बाहेरून आलेली विनंती डीव्हीआरपर्यंत व्यवस्थित पोचतेसुद्धा, पण उत्तर कोणाच्या हाती पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं. नियम बरोबर, पत्ता बरोबर, तरी बाहेर सन्नाटा. डीव्हीआरच्या नेटवर्क मेन्यूत गेटवेला राउटरचा आजचा पत्ता टाका. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे ना तेही त्याच पानावर बघून घ्या.

कॉम्प्युटर असेल तर गेटवेऐवजी विंडोजची फायरवॉल अडवते. नवीन वाय-फाय जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ धरतं आणि आत येणारं बहुतेक सगळं अडवतं. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि त्या प्रोग्रामला आत येण्याची परवानगी द्या. विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची वेगळी फायरवॉल असू शकते.

आता नियम उघडा

लोक सुरुवात इथून करतात, म्हणून मी हे मुद्दाम इतकं खाली ठेवलं. बघायच्या गोष्टी थोड्या आहेत.

प्रोटोकॉल टीसीपी की यूडीपी? खात्री नसेल तर ‘बोथ’. बाहेरचा आणि आतला पोर्ट उलटे पडलेत का? नियमाची ‘एनेबल’ची खूण आहे का? ८०, ४४३ आणि ८०८० हे पोर्ट पुष्कळदा राउटर स्वतःसाठी राखून ठेवतो किंवा कंपनी अडवते. तेव्हा बाहेर ४८२१० सारखा मोठा आकडा ठेवा आणि आत ८० वर वळवा.

कंपनीने दिलेल्या बॉक्सवर आणखी एक फसवी जागा असते, ‘वॅन नेम’ किंवा ‘वॅन कनेक्शन’ची यादी. ती उघडली की दोन-तीन नावं दिसतात: एकात ‘इंटरनेट’ लिहिलेलं, एकात ‘व्हॉइस’, एकात ‘टीआर०६९’. व्हॉइसची वाट लँडलाइनसाठी, टीआर०६९ ची कंपनीला दूरवरून तुमचा बॉक्स सांभाळण्यासाठी. नियम त्यांपैकी एकीवर बसला तर तो जन्मभर कोणाची तरी वाट बघत राहील. ‘इंटरनेट’ असलेली ओळच निवडा.

सगळं करूनही अडलं तर डीएमझेड पाच मिनिटं चालू करून बघायला हरकत नाही. डीएमझेडने चालतंय आणि नियमाने नाही, तर चूक नियमात आहे. डीएमझेडनेही चालत नसेल तर नियमाला दोष देणं सोडा. बघून झालं की लगेच बंद करा. त्यात ते उपकरण सगळ्या पोर्टांसकट जगासमोर उघडं पडतं.

घरात दोन राउटर असतील तर

कंपनीचा फायबरचा बॉक्स आणि त्यामागे तुम्ही स्वतः घेतलेला चांगला राउटर. दोघंही नॅट करतात, म्हणून एकात केलेला नियम दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. सोपा उपाय म्हणजे तुमच्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका. मग नियम फक्त कंपनीच्या बॉक्समध्ये करायचे. तुमच्या राउटरचीच फीचर्स हवी असतील तर नियम दोन्हीकडे लिहा: बॉक्सकडून राउटरकडे, राउटरकडून उपकरणाकडे. दिसायला वेडंवाकडं आहे, पण चालतं.

तिसरा उपाय बॉक्स ब्रिज मोडवर टाकण्याचा, म्हणजे बॉक्स नुसती वाट देतो आणि राउटरचं काम तुमचा राउटर करतो. सगळ्यांत स्वच्छ हाच, आणि सगळ्यांत जास्त लोक यातच अडकतात. ब्रिज केल्यावर पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि बहुतेक ठिकाणी व्हीएलॅन आयडी (कंपनीच्या लाइनवरचा ठरलेला क्रमांक) तुमच्या राउटरमध्ये टाकावा लागतो. हे तिन्ही हातात नसतील तर त्या बटणाला हात लावू नका.

बाहेरचा पत्ता बदलतो, नियम गायब होतात

पब्लिक आयपी आहे पण डायनॅमिक, तर राउटर चालू-बंद झाला की तो बदलू शकतो. डीडीएनएस लावा, म्हणजे आकड्याऐवजी नाव वापरता येतं आणि नाव नव्या पत्त्याच्या मागे जातं. सोय बहुतेक राउटरमध्ये असते. सीजीनॅटवर डीडीएनएस लावून मात्र काही उपयोग नाही.

नियम रातोरात पुसले जात असतील तर ते भुताचं काम नाही. टीआर०६९ मधून कंपनी नवीन सेटिंग किंवा फर्मवेअर ढकलते, त्यात तुमचं केलेलं वाहून जातं. नियमांच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि वारंवार होत असेल तर कंपनीला सांगा. टीआर०६९ स्वतः बंद करू नका, पुढे तक्रार आली की ते तुमच्यावरच ढकलून मोकळे होतील.

हे पोर्ट उघडू नका

सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत छोट्या ऑफिसांमध्ये एक मागणी हमखास असते: “घरून टॅली चालवायचंय, रिमोट डेस्कटॉप उघडून द्या.” रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ थेट इंटरनेटवर उघडू नका. नंबर बदलून ३३९० केला म्हणूनही नाही. जगभरची यंत्रं दिवसरात्र पत्ते धुंडाळत असतात आणि असे उघडे पोर्ट त्यांना लवकर सापडतात. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारं रॅन्समवेअर ज्या दारांनी शिरतं त्यात हे मोठं दार आहे. वायरगार्डचा एकच यूडीपी पोर्ट उघडा आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतून चालवा.

डीव्हीआरचंही तेच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज) कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या साइट पाडल्या. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ आणि ‘१२३४५’ असेल, तर पोर्ट उघडत नाही ही सध्या चांगली बातमी आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पिवळी फायबरची वायर काढून, पुसून, परत लावून बघू नका. तिच्या टोकात डोकावू नका. आतला लेसर इन्फ्रारेड असतो, दिसत नाही आणि डोळ्याला चांगला नाही. वायर करकचून दुमडली तरी सिग्नल पडतो.

टाचणीने दाबायचं बारीक रीसेट बटण दाबू नका. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. कंपनीच्या बॉक्समध्ये फायबरच्या जोडणीची जी माहिती भरलेली असते ती रीसेटने जाऊ शकते, आणि मग पोर्टच काय, अख्खं नेट तंत्रज्ञ येईपर्यंत बंद. ॲडमिन पासवर्ड चालत नसेल तरी हा मार्ग नाही; कंपनीकडे मागा. पुष्कळदा ते दूरवरूनच नियम टाकून देतात.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नका, आयटी विभागाला विचारा. डीव्हीआरमध्ये अनोळखी युजर दिसला किंवा कॉम्प्युटरवरच्या फायलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या, तर दुरुस्ती थांबवा, नेटची वायर काढा आणि या कामातला जाणकार बोलवा. स्वतः फॉरमॅट मारू नका.

वॅनचा पत्ता सार्वजनिक आहे, घरात चालतंय, गेटवे आणि नियम बरोबर आहेत, डीएमझेडनेही बाहेरून उघडत नाही, इथवर आलात तर अडवणूक बहुतेक कंपनीच्या बाजूला आहे. तक्रार नोंदवून नंबर घ्या आणि एवढ्या चार गोष्टी तशाच सांगा. तंत्रज्ञ घरी आला तर तो बूट घालायच्या आत त्याच्याकडून पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, व्हीएलॅन आयडी आणि बॉक्सचा ॲडमिन पासवर्ड कागदावर लिहून घ्या.